लक्षद्वीपच्या समुद्रात पाच दिवस

पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलले, की खेड्यातला पोरगा आठ दिवसांत पोहायला शिकतो. मीही तसाच शिकलो. पण समुद्राच्या तळाशी उतरून तिथे श्वास घ्यायचा, हा उद्योग वयाच्या पन्नाशीत आपल्या हातून होईल असे मला कधी वाटले नव्हते. फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही चार मित्र लक्षद्वीपच्या बेटांवर गेलो आणि ते झाले. तीच हकिगत वाचकांना सांगावयाची आहे.

आम्ही चौघे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहातले सोबती. अण्णा बँकेत गेला, बापूने बी-बियाण्यांचे दुकान टाकले, मी सरकारी नोकरीत कृषी विस्ताराच्या कामाला लागलो. तात्या तेवढा वडील वारल्यामुळे गावी परतला आणि त्याने सांगोल्याकडे डाळिंबाची बाग उभी केली.

ते साल दुष्काळाचे होते. तात्या यायला तयारच नव्हता. त्याने एकामागून एक चार बोअर पाडले होते, शेवटचा सहाशे फुटांचा. पहिल्या तिघांत धूळ उडत होती. चौथ्याला पाणी लागले आणि महिन्याभरात शेजारच्या बांधावरची त्याच्या सख्ख्या भावाची जुनी विहीर आटली. तेव्हापासून दोघा भावांचे बोलणे बंद. पुढे बोअरही आचके देऊ लागला. मी फोन केला तेव्हा तात्या म्हणाला, "अरे, घोटभर पाण्यासाठी रडणारा माणूस मी. मला समुद्र दाखवून काय चेष्टा करता?"

शेवटी त्याच्या मुलानेच परस्पर पैसे भरले आणि बापाला गाडीत बसवून दिले. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तिसरा बोअर पाडताना तात्याने मला सल्ला विचारला होता. गावोगावच्या सभांत पाण्याच्या ताळेबंदावर भाषणे करणारा मी, मित्राचे मन मोडू नये म्हणून गप्प बसलो होतो.

कोचीहून जहाजाने

मिरजेहून रेल्वेने एर्नाकुलम गाठले. लक्षद्वीपला जाण्यासाठी परवाना लागतो. तो आधीच काढला होता. आमची सहल जहाजाची होती. रात्री जहाजाने प्रवास करायचा, दिवसा एकेका बेटावर उतरायचे आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर मुक्कामाला यायचे. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे व्हायची होती.

लक्षद्वीपची लहानमोठी छत्तीस बेटे सांगतात, त्यांपैकी दहांवर वस्ती आहे. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. आपल्याकडच्या तीन-चार मोठ्या गावांच्या शिवाराएवढी! २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिथे ६४,४७३ माणसे राहतात. लक्षद्वीप हे नाव १९७३ साली दिले गेले. त्याआधी लक्कदीव, मिनिकॉय आणि अमीनदिवी बेटे असे लांबलचक नाव होते.

पहिल्या रात्री बापूला जहाज लागले. उलटीची गोळी आधी घ्यायची असते, ती त्याने नंतर घेतली. माळकरी अण्णा मात्र वरच्या डेकवर हरिपाठ म्हणत मजेत बसला होता. जेवणात मासळी पुष्कळ, पण भात, सांबार आणि खोबऱ्याची भाजी यांवर माळकऱ्याचेही भागते.

सकाळी डोळे उघडले तो समोर कवरत्ती. दुरून पाहावे तर पाण्यावर माडांची एक ताटवी कोणी तरंगत सोडली आहे असे वाटते. जहाज खोल पाण्यातच थांबले. तिथून लहान होड्यांत उतरायचे. होडी लाटेबरोबर वर आली, की खलाशी दंडाला धरून नेमक्या क्षणी माणूस आत ओढतात. आपण फक्त सांगितले तेव्हा पाय उचलायचा.

पाठीवर पंप, तोंडात नळी

बेटाभोवती प्रवाळाचा एक कडा असतो. बाहेरच्या लाटा त्याच्यावर फुटतात आणि आत उथळ, शांत, हिरवट निळे पाणी राहते. त्याला तिथे लगून म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर कडा म्हणजे बांध आणि लगून म्हणजे बांधाच्या आतले वावर.

पाण्याखाली नेणारा शिक्षक पंचविशीचा, त्याच बेटावरचा मुलगा होता. त्याने मोडक्या हिंदीत तासभर धडे दिले. पाठीवर हवेचे नळकांडे बांधतात. फवारणीचा पंप पाठीवर वागवलेल्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. त्यात निव्वळ प्राणवायू असतो असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा. आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. तोंडात धरायच्या नळीतून ती हवी तेवढी मिळते. डोळ्यांवर व नाकावर काच, पायांत बदकासारखे पंजे, कमरेला शिशाची वजने, आणि अंगात एक जाकीट. त्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो.

मुख्य नियम एकच. श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब धरून एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छातीभर हवा घेतली आणि श्वास कोंडून वर आलो, तर ती हवा दुप्पट फुगते. सायकलच्या ट्यूबमध्ये जास्त हवा भरली तर काय होते ते सर्वांना माहीत आहे. दुसरे म्हणजे खाली जाताना कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की कान मोकळे होतात. बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकायच्या. अंगठा वर केला तर आपण "छान" समजतो, पण पाण्याखाली त्याचा अर्थ "मला वर ने" असा होतो. बापूने खाली गेल्या गेल्या आनंदाने अंगठा दाखवला आणि शिक्षकाने त्याला तडक वर आणला!

तात्या होडीतच बसून राहिला. "तुम्ही या जाऊन. मी कपडे सांभाळतो," म्हणाला. कोणी आग्रह केला नाही.

मी उतरलो. पहिली दोन मिनिटे जीव घाबरा झाला. कानांत फक्त आपल्याच श्वासाचा खरखर आवाज. शिक्षकाने माझा दंड सोडला नाही. आयुष्यभर मी लोकांना "माझ्यावर विश्वास ठेवा" असे सांगत आलो. त्या दिवशी मुलाच्या वयाच्या पोरावर विश्वास ठेवण्याची पाळी माझी होती. मग श्वास लागी लागला आणि डोळे उघडून पाहू लागलो.

तळाला जणू दगडी बाग होती. सांबराच्या शिंगांसारखी प्रवाळाची झुडपे, कोबीच्या गड्ड्यासारखे पापुद्रे, माणसाच्या मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोल धोंडे. समुद्रफुलाच्या विषारी बोटांत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा मासा बिनधास्त लपत होता. ते विष त्याला बाधत नाही. पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेले मासे प्रवाळ कुरतडत होते. त्यांच्या दातांचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. कुरतडलेला चुना बारीक वाळू होऊन त्यांच्या शेणावाटे बाहेर पडतो. बेटाची पांढरीशुभ्र वाळू बरीचशी अशी तयार झालेली आहे. एक कासव आमच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून गेले. आणखी एक गंमत पाहिली. बापूची लालभडक चड्डी खाली गेल्यावर करड्या रंगाची दिसू लागली. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेते.

शेंगेच्या मुळावरची गाठ

सगळेच मात्र सुंदर नव्हते. मधूनमधून प्रवाळाचे पांढरट, मेलेले पट्टे होते आणि त्यांवर गढूळ शेवाळ चढले होते. वर आल्यावर शिक्षकाला विचारले. तो म्हणाला, "साब, पाणी तापलं की हे असं होतं. माझ्या लहानपणी इथे याहून दाट होतं."

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ते लहान लहान प्राण्यांचे गाव आहे. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. त्यांच्या अंगात अगदी सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला राहायला जागा आणि खत देतो. आपल्या भुईमुगाच्या मुळावर गाठी असतात ना? त्यांतले रायझोबियम जिवाणू झाडाला नत्र देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. तसाच हा संसार. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी मोडते. शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. लवकर थंडावा आला तर सावरतो, नाही तर उपाशी मरतो. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली असे मोठे आघात झाले.

हे फक्त शोभेचे नुकसान नाही. चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडले, की जुना ज्वालामुखी हळूहळू खाली खचत जातो आणि त्याच्या कडेने प्रवाळ वर वर बांधत राहतो. शेवटी डोंगर नाहीसा होतो आणि पाण्यावर प्रवाळाचे कडे तेवढे उरते. ही बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहेत. प्रवाळ जिवंत असेल तर झिजलेला बांध तो स्वतःच दुरुस्त करतो. मेला तर लाट जमिनीला भिडते. बंगारमजवळचे परळी-१ नावाचे निर्मनुष्य बेट असेच झिजून पाण्याखाली गेल्याचे २०१७ साली जाहीर झाले.

कल्पेनीची विहीर

दुसऱ्या दिवशी कल्पेनी. १८४७ च्या वादळात समुद्राने या बेटाच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या गोट्यांची रास आणून टाकली. ती आजही बांधासारखी पडून आहे. इथे आम्ही खोल गेलो नाही. तोंडाला काच आणि नळी लावून लगूनच्या पाण्यावर पालथे तरंगत खालचे प्रवाळ पाहिले. तात्या गुडघाभर पाण्यात उभा राहिला. कालच्या मानाने ती प्रगतीच होती.

जेवणानंतर माडांच्या सावलीतून फिरत असताना तात्याला एक विहीर दिसली आणि तो जागीच थांबला. चहूबाजूंनी खारा समुद्र, हातभर उंचीची वाळूची जमीन, ना ओढा ना डोंगर, आणि पुरुषभर खोलीवर पाणी! घरचे म्हातारे काका बादलीने पाणी काढत होते. त्यांनी तात्याला ओंजळभर दिले. पिऊन तो म्हणाला, "गोड आहे रे!"

याचे कारण असे. तिथे वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि वाळूतून सरळ खाली मुरतो. खालच्या वाळूत समुद्राचे पाणी भरलेले असतेच. गोडे पाणी हलके, खारे जड. म्हणून गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर मधोमध जाड आणि कडेला पातळ अशा भिंगासारखे तरंगत राहते. शास्त्राच्या हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट असते. म्हणजे उपसा करून वरचे एक फूट कमी केले, की खालून खारे पाणी चाळीस फूट वर चढते. एवढ्याशा बेटावर दोन्ही पाणी मिसळतही असते, त्यामुळे गोडा थर मुळातच पातळ. भरती-ओहोटीबरोबर विहिरीतले पाणीसुद्धा वर-खाली होते.

काकांचा नातू मध्ये बोलून अर्थ सांगत होता. काका म्हणाले, मोटर लावून एकदम पाणी ओढले की विहीर मचूळ होते. आमची झालीच तर शेजाऱ्याचीही होते. म्हणून थोडे थोडे काढायचे. खाली सगळ्यांचे पाणी एकच आहे.

तात्या काही बोलला नाही. काठावर बसून विहिरीत पाहत राहिला. होडीची वेळ झाली तेव्हा त्याला हाक मारून उठवावे लागले.

वस्ती वाढल्यामुळे नुसत्या विहिरींवर आता भागत नाही. म्हणून कवरत्तीला २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना सुरू झाला. पृष्ठभागावरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होते आणि साडेतीनशे मीटरच्या आसपास खोलीवरून आणलेल्या गार पाण्याने त्या वाफेचे पाणी करतात. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. अशी सोय मिनिकॉय व अगत्ती इथेही २०११ साली झाली. सोय उत्तम, पण पावसाने फुकट दिलेला थर एकदा बिघडला की तो पुन्हा पावसानेच हळूहळू भरावा लागतो.

मिनिकॉयचे कुपा मासे आणि तात्याची बुडी

तिसरे बेट मिनिकॉय. हे बाकीच्या बेटांपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर, दक्षिणेला आहे. इथली भाषाही वेगळी, मालदीवच्या भाषेला जवळची. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहतो, हे ऐकून अण्णाने हात जोडले. इंग्रजांनी १८८५ साली बांधलेला दीपस्तंभ अजून उभा आहे. त्याच्यावर चढले की चंद्रकोरीसारखे बेट आणि तिच्या कुशीतले लगून एका नजरेत दिसते.

इथले कोळी कुपा मासा जाळ्याने पकडत नाहीत. लगूनमधल्या प्रवाळाजवळची बारीक मासळी आधी जिवंत पकडतात. खोल समुद्रात ती पाण्यात फेकली की कुपांचा थवा गोळा होतो. मग होडीच्या मागच्या अंगाला ओळीने उभे राहून काठीने एकेक मासा उपसतात. गळाला उलटे दात नसतात, त्यामुळे मासा होडीत पडताच आपोआप सुटतो. हा कुपा उकडून, धुरावर भाजून, वाळवून त्याचा टणक "मास" करतात. तो महिनोन् महिने टिकतो. पण प्रवाळ मेला तर बारीक मासळी नाही, आणि ती नसेल तर कुपाही नाही. म्हणजे या गावाची चूल लगूनच्या तळाशी पेटते!

त्या दिवशी पाण्याखाली जायची पाळी आली तेव्हा तात्या स्वतःहून उठला. टोपी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आज कपडे तू सांभाळ." शिक्षकाचे धडे त्याने लहान मुलासारखे मन लावून ऐकले. वीसएक मिनिटे तो खाली होता. वर आला तेव्हा काच काढून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.

रात्री परतीच्या वाटेवर आम्ही दोघेच डेकवर होतो. तो म्हणाला, "माझ्या बोअरला पाणी कुठून लागलं, ते मला काल त्या विहिरीवर कळलं असं नाही रे. पाडताना पण कळत होतंच."

मी म्हणालो, "मलाही कळत होतं. तू विचारलंस तेव्हा मी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तरी ऐकलं नसतं मी," तो म्हणाला. मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

आपल्याकडचा खडक वाळूसारखा नाही. पाणी भेगांत आणि सच्छिद्र थरांत असते, आणि खारे पाणी वर चढण्याची भीती नाही. पण जवळजवळच्या दोन विहिरी एकाच भेगेवर जगत असतील, तर कल्पेनीचा नियम सांगोल्यालाही लागू पडतो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

हृदयविकार, दमा, फिट किंवा कानाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याखाली जाऊ नये. सर्दी असताना तर मुळीच नको. बुडी मारल्यावर निदान एक दिवस विमानाने प्रवास करू नये. प्रवाळाला हात लावू नये, पाय देऊ नये, तुकडा उचलून आणू नये. बोटभर वाढायला त्याला वर्षे लागतात. लक्षद्वीपला जाण्याचे दिवस ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. परवाना आणि जहाजांचे वेळापत्रक यांची ताजी चौकशी आधी करावी. एवढ्या दूर जाणे जमत नसेल, तर आपल्या मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे आणि तिथेही पाण्याखाली नेतात. तारकर्लीला शिकण्याची सोय आहे. पावसाळ्यात हे बंद असते.

आता तात्याचे. गावी गेल्यावर तो आठवड्याने भावाच्या दारात गेला. पहिल्या दिवशी चहा मिळाला, बोलणे झाले नाही. मे महिन्यात मला बोलावणे आले. दोघांच्या बांधावर ओढ्याचे पाणी गाळून विहिरीत सोडण्यासाठी खड्डा घ्यायचा होता, त्याची आखणी करून दिली. तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू. तात्याने बागेतली निम्मी झाडे काढून टाकली आणि चौथ्या बोअरची मोटर वर घेतली. पावसाळ्यानंतर विहिरीला पाणी आले. आता दोघे भाऊ दिवस वाटून घेऊन मोटर लावतात. कुरबुरी होतातच, पण बोलून होतात.

मागच्या खेपेस गेलो तेव्हा विहिरीच्या आतल्या भिंतीवर तांबड्या रंगाची एक रेघ मारलेली दिसली. मी विचारले, हे काय? भाऊ म्हणाला, "तात्यानं मारलीय. पाणी तिच्या खाली गेलं की दोघांच्याही मोटरी बंद."

मी वाकून पाहिले. पाणी रेघेच्या वीतभर वर होते.